माहेरच्या गावासकट

आमच्या आजोबांच्या एकाही कागदावर त्यांच्या आईचं नाव नव्हतं. शाळा सोडल्याचा दाखला, मिशनच्या बोर्डिंगातली फीची जीर्ण पावती, मास्तरकीच्या नोकरीतलं सेवापुस्तक, सगळीकडे त्यांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव. त्या काळी सगळ्यांच्याच कागदांची ही तऱ्हा होती. पण इतरांना आईचं नाव निदान तोंडी तरी ठाऊक असायचं. आजोबा दोन वर्षांचे असताना १९१८ च्या मानमोडीच्या साथीत त्यांची आई गेली. वडिलांनी पुढे दुसरं लग्न केलं आणि पहिलीचं नाव घरात निघेनासं झालं. आजोबा बोर्डिंगात वाढले, शिकले, नेवासे तालुक्यात खेड्यापाड्यांतून शाळा चालवून निवृत्त झाले. म्हातारपणी आमच्या आत्याला ते अधूनमधून विचारत, "काय गं असेल माझ्या आईचं नाव?" आत्याजवळ उत्तर नव्हतं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लिहायचं, असं महाराष्ट्र सरकारने ठरवलं. ती बातमी आत्याने मला फोनवरून वाचून दाखवली आणि म्हणाली, "पोरी, आता तू रिटायर झालीस. आजोबांच्या आईचं नाव शोध." या कामात ज्यांनी ज्यांनी मला हात दिला, त्यांचं ऋण मोठं आहे. त्यातले काही हयात आहेत. एकाला जाऊन शंभर वर्षं उलटली.

शोधायचं कुठे, हा पहिला प्रश्न. कितीतरी कोकणस्थ घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांच्या सात-सात पिढ्या सापडतात. देशमुख-पाटलांकडे वतनाचे कागद असतात. आमचं घर महारवाड्यातलं. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, तेव्हा आमचे लोक अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले. भाकरीसाठी धर्म सोडला, असं आम्हाला लहानपणापासून ऐकवलं गेलं. भूक होती, ती मी नाकारत नाही. तिची लाज वाटावी असंही मला कधी वाटलं नाही. मात्र त्या भुकेच्या दिवसांत आमच्या माणसांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्यांची नावं लिहिली जाऊ लागली. बाप्तिस्मा झाला की नोंद, लग्न झालं की नोंद, माणूस मातीत गेला की नोंद.

गावच्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, बाप्तिस्म्याचं रजिस्टर मात्र वाळवीने कधीच फस्त केलं होतं. आजोबांचा बाप्तिस्मा तिथलाच. तो दाखला असता तर आईचं नाव एका ओळीत मिळालं असतं. आता एकच धागा उरला: आत्याने ऐकलेलं, की पणजीला औषधपाण्यासाठी बैलगाडीतून नगरला आणलं होतं आणि ती तिकडेच गेली. म्हणजे दफन नगरला. म्हणजे दफनाची नोंदही नगरला.

नगरच्या ख्रिस्ती माणसांचा इतिहास कबरींपासूनच सुरू होतो, असं म्हटलं तर चुकायचं नाही. मिशनची माणसं १८३१ च्या डिसेंबरात इथे आली. त्यांतले विल्यम हर्वी पुढच्या मे महिन्यात पटकीने गेले. त्यांच्याही आधी, १८२६ च्या मार्चमध्ये, याच मिशनचे मुंबईतले गॉर्डन हॉल नाशिक-त्र्यंबककडून परतताना सिन्नरजवळच्या दोडी-दापूरला पटकीनेच गेले होते. मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या होत्या, सावित्रीबाई त्यांच्याकडे शिकल्या होत्या. वडाळा बहिरोबाला सॅम्युएल फेअरबँक यांनी आयुष्याची बरीच वर्षं काढली. धर्मोपदेशाबरोबर शेती, नांगर, पक्षी, शंखशिंपले यांतही त्यांचं लक्ष असे. दक्षिणेत पळणीच्या डोंगरात राहणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही त्यांचं आडनाव आहे. या मंडळींची चरित्रं छापली गेली. मिशनचा पत्रव्यवहार आणि अहवाल अमेरिकेत हार्वर्डच्या होटन ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत. पण त्या अहवालांत आमची माणसं बहुधा आकड्यांत येतात: इतके सभासद, इतके बाप्तिस्मे, दुष्काळात इतकी पोरकी मुलं. नावासाठी स्थानिक रजिस्टरच पाहावं लागतं.

नगरमधल्या एका जुन्या मंडळीची रजिस्टरं एका लोखंडी कपाटात आहेत. त्या कपाटाची किल्ली तिथल्या पाळकीणबाईंकडे. त्यांनी मला ओळखपाळख विचारली, पणजोबांचं नाव विचारलं, आणि मग पुष्कळ वेळ नुसतं पाहत राहिल्या. मला वाटलं, आता अर्ज करा म्हणतील, पंचांची परवानगी आणा म्हणतील. त्या म्हणाल्या, "ही वही मी कुणाला घरी नेऊ देत नाही. पण तुम्ही रोज या. मी इथंच बसते." आणि खरोखरच त्या बसल्या. मी पानं उलटत असताना त्या शेजारी मेथी निवडत, नातवाचा अभ्यास घेत, आणि पान फाटेलसं दिसलं की न बोलता खाली पुठ्ठा सरकवत. कागद इतका ठिसूळ झालेला, की कोपऱ्याला धरून पान उलटायची सोय नव्हती. त्यांनीच दाखवलं: पानाच्या मधोमध तळवा अलगद सरकवायचा आणि पान वाऱ्यावर पडल्यासारखं दुसऱ्या बाजूला जाऊ द्यायचं.

कबरस्थानात जायचा सल्लाही त्यांचाच. तिथले राखणदार मामा तिसऱ्या पिढीचे. आजा, बाप आणि आता ते. त्यांना लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण कुठली रांग कुठल्या सालची, कुणाच्या कबरीत नंतर कुणाला ठेवलं, कुठल्या दगडाची पाटी फुटल्यावर भिंतीत बसवली, हे त्यांना पाठ आहे. मी पहिल्यांदा गेले ती भर दुपारी. मामा म्हणाले, "ताई, आत्ता अक्षर दिसायचं न्हाई. सकाळी सातला या, उन्हं तिरपी असत्यात." दुसऱ्या सकाळी त्याच काळ्या दगडांवर, जिथे मला नुसते खड्डे दिसले होते, तिथे देवनागरी ओळी उठून आल्या. ओल्या फडक्याने दगड पुसायचा, ओल सुकत आली की कोरीव भाग जरा उशिरा वाळतो, तेवढ्यात वाचून घ्यायचं. तारेचा ब्रश लावायचा नाही, अॅसिड तर मुळीच नाही. चुना लावून पांढरं करायची हौस पुष्कळांना असते, पण चुन्याचे थर चढत गेले की अक्षरं बुजतात. ही सगळी विद्या मामांची.

दगड असणारे थोडेच. कोरीव दगड करायला पैसे लागत. मास्तर, उपदेशक, दवाखान्यातल्या परिचारिका यांच्या कबरींवर दगड आहेत. बाकीच्यांच्या वर मातीचा उंचवटा, चार पावसाळ्यांत सपाट होणारा. मामांनी मला भिंतीलगत नेलं. तिथे एकही दगड नव्हता. नुसतं गवत आणि एक बोरीचं झाड. "ही साथीची रांग," ते म्हणाले. "आजा सांगायचा, तवा खड्डा खांदायला मानसं पुरत नव्हती. एकाला ठिवून परत येस्तोवर दुसरं दाराशी."

१९१८ ची ती साथ मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर माणसं घेऊन गेली. पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग, महायुद्ध संपत आलेलं. नगरच्या आसपास जुनी माणसं अजूनही तिला मानमोडीच म्हणतात. रजिस्टरात त्या साथीची पानं मी वाचली आणि तिथे मला एक माणूस भेटला. त्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही, पण त्याचं अक्षर आता हजारांत ओळखीन.

दफनाच्या वहीत रकाने आखलेले होते. अनुक्रम, मयताचं नाव, कुणाचा कोण, वय, राहणार, आजार, दफनाची तारीख, विधी कुणी केला. लेखनिकाचं बाळबोध वळण अगदी घोटीव, बोरूने लिहिल्यासारखं. प्रत्येक शब्दावरची रेघ तो सरळ ओढी. सप्टेंबर १९१८ पर्यंत एका पानावर दोन-तीन महिने बसतात. ऑक्टोबरात पान आठवड्यात भरतं. आजाराच्या रकान्यात पहिल्यांदा त्याने 'इन्फ्ल्युएन्झा' असं पुरतं लिहिलं. खालच्या ओळीत पुन्हा पुरतं. मग 'सदर'. मग पानभर सदर, सदर, सदर. वरची रेघ वाकडी होऊ लागली, शाई मध्येच फिकी, मध्येच ठिपका. पण एक गोष्ट त्याने सोडली नाही आणि तिच्यासाठी मी त्याची जन्मभराची ऋणी आहे. त्या वहीत त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या लेखनिकांनी बायकांच्या नोंदी बहुतेक 'अमक्याची बायको' एवढ्यावर भागवल्या आहेत. नाव विचारायला घरात शुद्धीवर कुणी नसेल, वेळ नसेल, गरजही वाटली नसेल. हा माणूस मात्र प्रत्येक बाईचं नाव लिहितो, तिच्या नवऱ्याचं लिहितो आणि 'राहणार'च्या रकान्यात बारीक अक्षरात तिचं माहेरचं गावही लिहितो. दाराशी दुसरं प्रेत असताना त्याने हे विचारलं असेल. कुणी तरी तापाने फणफणलेल्या माणसाने त्याला उत्तर दिलं असेल.

आमच्या पणजीची ओळ तिथेच होती. नाव. पणजोबांचं नाव. वय अंदाजे चोवीस. सासरचं गाव आणि माहेरचं गाव. सदर.

मी पाळकीणबाईंना ओळ दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, मोठ्याने ते नाव वाचलं आणि उठून चहा टाकायला गेल्या. मी तिथूनच आत्याला फोन लावला. आत्या नाव ऐकून गप्प झाली आणि मग तिने तेच नाव चार-पाचदा उच्चारलं, जीभ त्याला सरावावी म्हणून. तिने एक अट घातली: आधी घरातल्या सगळ्यांना सांग, मग दगडावर कोर, मग कुठे छापायचं तर छाप. दगड अजून व्हायचा आहे, म्हणून ते नाव मी इथे लिहीत नाही.

पुढची दोन पानं मी उगीचच उलटली. घरी जायला पाय निघत नव्हता. नोव्हेंबर सुरू झाला तशी ती घोटीव अक्षरं एका ओळीपाशी थांबली आणि खाली दुसऱ्याच माणसाचं मोठं, उताविळं अक्षर सुरू झालं. नव्या हाताची पहिलीच नोंद जुन्या लेखनिकाची होती. पुरुष, वय एकतीस, पेशाने शाळामास्तर, 'या रजिस्टराचे लेखनिक'. आजार सदर. त्याच्या बायकोमुलांचा उल्लेख नाही. वही मिटून मी बराच वेळ तिथे बसून राहिले. तो गेला नसता आणि पणजी दोन आठवडे उशिरा गेली असती, तर आम्हाला 'अमक्याची बायको' एवढंच मिळालं असतं.

माहेरच्या गावाने पुढची वाट दाखवली. ते गाव शेवगाव तालुक्यात. गावोगावी जन्म-मृत्यूची जी नोंद ठेवली जाई, गाव नमुना चौदा, लोक जिला कोतवाल बुक म्हणतात, ती जुन्या काळची मोडीत असते आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हापासून या वह्यांना भाग्य आलं. मोडी वाचणाऱ्यांच्या ओसरीवर रांगा लागल्या. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेल्या अशाच एका गृहस्थांकडे मी नक्कल घेऊन गेले. माझ्या पुढे बसलेल्यांना दाखला हवा होता, नोकरी हवी होती, मुलाचा प्रवेश अडला होता. माझ्या कामाने कुणाला काहीच मिळणार नव्हतं. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून अनुसूचित जातीच्या सवलतीही नाहीत. मी संकोचत सांगितलं, "सर, मला फक्त पणजीच्या वडिलांचं नाव पाहायचं आहे." ते म्हणाले, "मग हेच आधी वाचू."

त्यांनी भिंग घेतलं, अक्षरं जोडत गेले. पणजीच्या वयाचा हिशेब धरून १८९३, १८९४, १८९५. महारवाड्यातले जन्म मोजकेच. त्यातल्या एका नोंदीत बापाचं नाव, जात आणि पुढे 'मुलगी'. बस्स. मी विचारलं, मुलीचं नाव? "बाई, या वहीत मुलाचं नाव नसतंच. बाप, जात, मुलगा की मुलगी, तारीख. नाव बारशाला ठरायचं, कोतवाल कशाला परत येतोय." ती मुलगी आमचीच, असं मी छातीठोक सांगणार नाही, त्या सालांत त्या वस्तीत आणखीही मुली जन्मल्या. सरांनी त्या सगळ्यांच्या बापांची नावं मला बाळबोधीत उतरवून दिली, खाली सही केली आणि पैसे घेतले नाहीत. "आमच्या आजीचंही माहेर मला माहीत नाही," एवढंच म्हणाले.

म्हणजे सरकारी वहीत ती 'मुलगी' म्हणून आली आणि घराच्या आठवणीत 'पहिली' म्हणून उरली. तिच्या स्वतःच्या नावासकट ती आम्हाला एकाच कागदावर सापडली, आणि तो कागद तिच्या मरणाचा. तो लिहिणारा पुढच्या पंधरवड्यात गेला.

इंग्रजांच्या फौजेतल्या गोऱ्या माणसाचं तसं नव्हतं. नगरच्या छावणीत कुणी तापाने गेला तरी त्याच्या दफनाची नोंद इलाख्याच्या विवरणपत्रांत जाई आणि तिची प्रत लंडनला. ती विवरणपत्रं आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिकडे बसून पणतू पणजोबा शोधू शकतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेल्या आणि ज्यांच्या कबरींची निगा राखणं पुढे शक्य झालं नाही, अशा अठराशेंहून अधिक सैनिकांची नावं खडकीच्या स्मारकावर कोरलेली आहेत. मी ते स्मारक पाहिलं तेव्हा मला हेवा वाटला नाही, उलट बरं वाटलं. कबर हरवली तरी नाव राहू शकतं, याचा तो पुरावा आहे. पण आमच्या माणसांच्या नोंदीची दुसरी प्रत कुठेच नाही. वाळवीने एक पान खाल्लं की तीस माणसं गेली.

म्हणून पाळकीणबाई आणि मी आता त्या वहीची नक्कल करतो आहोत. आधी मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो, मग हाताने उतारा, मग गावाप्रमाणे यादी. मंडळीतली दोन कॉलेजात जाणारी मुलं टंकलेखन करतात. बायकांची नावं आम्ही त्यांच्या स्वतःच्या नावाखाली लावली आहेत, आणि जिथे माहेर आहे तिथे दोन्ही गावांखाली. जिथे लेखनिकाने फक्त 'बायको' लिहिलं आहे तिथे जागा कोरी ठेवली आहे. कुणाला घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर, जुन्या फोटोमागे, कुठे नाव मिळालं तर ते तिथे भरता येईल. अशी एक कोरी जागा मागच्या महिन्यात भरली. संगमनेरकडच्या एका आजींनी आपल्या सासूच्या सासूचं नाव सांगितलं, तिच्या लग्नातल्या भांड्यावर कोरलेलं.

दगडाचं म्हणाल तर पणजी साथीच्या रांगेत नेमकी कुठे आहे, ते मामांनाही सांगता येत नाही, आणि अंदाजाने कुठेतरी दगड रोवायला माझं मन घेत नाही. आत्याने तोड काढली. भिंतीलाच एक काळा दगड बसवायचा. त्यावर पणजीचं नाव, सासर, माहेर, ऑक्टोबर १९१८. आणि तिच्याखाली, त्याच मापाच्या अक्षरात, लेखनिकाचं नाव. पाथरवटाला मी सांगून ठेवलं आहे की अक्षरं खोल घ्या, चुना पडला तरी बुजता कामा नयेत. दगडाचा खर्च सगळ्या चुलत-आत्ये भावंडांनी वाटून घेतला. लेखनिकाच्या ओळीचा खर्च मात्र आत्याने कुणाला देऊ दिला नाही. तो तिने आजोबांच्या पेन्शनीतून साठवलेल्या पैशांतून केला.

लेखनिकाच्या घरचं कुणी आहे का, ते आम्ही शोधतो आहोत. नोंदीत त्याचं राहण्याचं गाव आहे, राहुरीकडचं. तिथल्या मंडळीत चौकशी केली, तर त्या आडनावाची दोन घरं निघाली. एक घर हरेगावच्या कारखान्याकडे गेलेलं, दुसरं अजून तिथेच. पाळकीणबाईंची तिथे मावसबहीण आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी जाणार आहोत. त्याच्या अक्षरातल्या पानाचा फोटो मी मोठा करून घेतला आहे, त्यांना द्यायला.